आठशे तेहतीस मजले

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर बोलतानाही तुझ्या तोंडात शिवणाच्या टाचण्या असतात आणि तुझा होकार कुठला, नकार कुठला हे मला आजवर कळलेलं नाही. ट्रेकिंगच्या गटाने हिमालयातले जूनमधले दोन ट्रेक कळवलेत. एक खिंडीचा, बावन्नशे मीटरवर, शेवटची चढण बर्फातून. दुसरा तळ्याचा, अठ्ठेचाळीसशेवर. दोन्ही कठीण आहेत असं ठळक अक्षरांत छापलंय. महिनाअखेर एक कळवायचा. आणि साठी पूर्ण झालेल्यांना हा गट घेत नाही. ऑगस्टमध्ये तू साठ पूर्ण करशील, म्हणजे हा जून हुकला तर तुझा हिमालय दुकानातल्या कॅलेंडरवरच राहील.

मी हिशेब करून ठेवलाय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला उंची मजल्यांतच कळते. तीन मीटरचा एक मजला धर. खिंडीला सत्तावीसशेवरून चढायचं, म्हणजे आठशे तेहतीस मजले. तळ्याला तीन हजारांवरून, म्हणजे फक्त सहाशे. दोनशे तेहतीस मजले फुकट वाचतात! तळंच ठरवू या.

सराव जोरात आहे. परवा बंद पडलेली लिफ्ट सुरू करायला नवव्या मजल्यावर जिन्याने गेलो. दार उघडल्यावर आत अडकलेल्या बाईंनीच मला खाली बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. तुझी भावजय हे सगळ्यांना सांगत सुटली आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर हरकत नाही.
तुझा धाकट्या


दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा हिशेब वाचला आणि तीस वर्षं लोक तुझ्या भरवशावर लिफ्टमध्ये चढतात या विचाराने धडकी भरली. अरे, लिफ्ट वर निघाली की वरच जाते. डोंगराला असं वळण कोणी लावलेलं नाही.

नकाशा मी कापायच्या टेबलावर पसरला. बाहीच्या मुंढ्याची गोलाई मोजताना टेप उभी धरून वळणावळणाने नेतात, तशी दोन्ही वाटांवरून नेली आणि उंचीच्या रेषा एकेक मोजल्या. खिंडीची वाट सरळ चढत जाते. तुझं ते लाडकं तळं मात्र दोनदा नदीपर्यंत उतरवतं, दर वेळी अडीचशे मजले, आणि उतरलेलं सगळं परत चढायला लावतं. एकूण अकराशे मजले झाले. तू फक्त पहिला आकडा शेवटच्या आकड्यातून वजा केलास. शाळेतही तू असाच पास व्हायचास.

तळं तू माझ्या गुडघ्यांसाठी निवडलंस, हे कळतं मला. पण एकतीस वर्षं मशीन पायाने चालवणाऱ्या बाईच्या गुडघ्यांची काळजी तू करू नकोस. मी रोज कापडाचे दोन तागे खांद्यावर घेऊन माळ्यावर चढते-उतरते. शेजारच्या चांभाराला वाटतं, मला माल ठेवायची जागा सापडत नाही.

मला खिंड हवी आहे. ती ओलांडली की पलीकडे उतरायचं असतं, आल्या वाटेने परत यायचं नसतं. दुकान रविवारखेरीज कधी बंद ठेवलेलं नाही, तेव्हा एकदाच जायचं तर पार पलीकडे जाऊ दे की रे मला.

जिने चढताना तोंड मिटून श्वास घे, आणि माया कमी करू नकोस.
ताई


दि. २२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खिंड पक्की केल्याचं कळवलंच होतं. तुझी टेप जिंकली हे मी कामावरही कबूल केलं, आणि आता तिथे मला कोणी मोजमापाला हात लावू देत नाही.

आज दुसरी गोष्ट लिहायची आहे. गेले चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय. प्रकृतीच्या दाखल्यासाठी मी मुद्दाम अशा डॉक्टरांकडे गेलो, ज्यांच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. म्हटलं, थोडं सांभाळून घेतील. त्यांनी तीनदा रक्तदाब मोजला आणि शांतपणे विचारलं, की दोर झिजलेला दिसला तर मी लिफ्टमध्ये माणसं चढू देतो का. देत नाही म्हणालो. मग तेही देणार नाहीत, असं म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या आहेत. घाबरायचं कारण नाही, पण बर्फाची उंची यंदा बंद.

तुझा दाखला आलाय, गटाच्या चाचणीचे पाच किलोमीटरही तू ठरल्या वेळेच्या आत चालली आहेस. तेव्हा तू जा. मी मजेत आहे. नवे बूट घरात घालून फिरतो, फरशीवर चांगली पकड घेतात.

रागावू नकोस, लोभ तसाच असू दे.
धाकट्या


दि. २७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गोळ्या वेळेवर घे. मीठ कमी कर. तुझ्या बायकोला मी वेगळं लिहिलंय, त्यामुळे चोरून खायचा विचार सोडून दे.

तू नाहीस तर मीही जात नाही. रुसून नाही सांगत. इस्पितळाच्या परिचारिकांचे चाळीस गणवेश एक जूनला द्यायचेत, ते रखडले तर मेट्रनबाईंना काय तोंड दाखवू? शिवाय अनोळखी बायकांबरोबर तंबूत कशी झोपू? मी घोरते हे फक्त घरच्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी आपण दोघं एखाद्या लहानशा टेकडीवर जाऊ, डबा घेऊन. तीही उंचच असते.

गटाला तू कळवून टाक. माझ्याने लिहवत नाही.

आशीर्वाद आहेतच.
ताई


दि. २ मे

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग मुद्दाम घालत नाही, कारण मी चिडलोय.

गटाला मी काहीही कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. घोरण्याचं म्हणशील तर ते आख्ख्या गल्लीला माहीत आहे. मेट्रनबाईंना मी फोन केला होता. गणवेश जुलैत मिळाले तरी चालतील म्हणाल्या. जुने अजून धड आहेत. इतक्या वर्षांत ताईंनी कधी विचारलंच नाही, असंही म्हणाल्या.

वाईट मला वाटलंय, लपवत नाही. बूट दिसू नयेत म्हणून खोक्यात ठेवलेत. तुझ्याबरोबर जायची मला फार हौस होती. पण माझी हौस जानेवारीतली आहे, तुझी चाळीस वर्षांची. माझ्या रक्तदाबापायी तू टेकडीवर डबा खात बसलीस, तर तो डबा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. उगाच मोठेपणा करू नकोस. तुला हवं असलेलं एकदा तरी घे.

तू निघाल्याची तार, फोन, टाचणी काहीही चालेल. मगच लोभ.
धाकट्या


दि. १९ जून

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

खिंड ओलांडली. पलीकडच्या पहिल्या गावातून लिहितेय. नाकाची साल निघाली आहे आणि आरशात मी भाजलेल्या वांग्यासारखी दिसते. तंबूतल्या बाई माझ्याहून मोठ्याने घोरतात, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. शेवटच्या चढणीला मी तुझे मजले मोजत होते. सातशे नव्वदला मोजणं सोडलं आणि तुला मनसोक्त शिव्या दिल्या, त्याने दम टिकला.

वर पोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. पुढे पाहिलं तर नुसतं बर्फ, आणि त्याच्या पलीकडे आणखी डोंगर. मला रडू आलं. तू हवा होतास रे. ऊन चढलं की बर्फ मऊ होतं, म्हणून वाटाड्याने पाच मिनिटांत उतरायला लागा म्हणून सांगितलं. सगळे उठले. मी उठले नाही. मी त्याला म्हटलं, मला अजून थोडं बसायचं आहे, थांबा.

धाकट्या, दुकानाच्या एकतीस वर्षांत मी कोणालाही थांबा म्हटलं नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, दहा मिनिटं दिली आणि माझ्या शेजारी बसला. अकरा माणसं पाठीवरची ओझी उतरवून माझ्यासाठी थांबली. एवढंसंच होतं रे ते, थांबा म्हणणं.

तुझी,
ताई