निळा सदरा

दि. १९ मे, मंगळवार, दुपार

लाडक्या छकुलीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल. जावईबापूंची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, पाणी भरायला वाकू नका. मी बरा आहे. फोनवर तुझा दादा शेजारी असतो, नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. ऊन परवडलं, पण हे आभाळ भरून येतं आणि वारा पडतो ना, ते वाईट. कोरड्या उन्हात फवारे सोडले की कोंबड्यांची शेड गार होते. दमट हवेत तेच फवारे सोडले तर आणखी गुदमरतं. कोंबड्या पंख फाकवून, चोच उघडी टाकून धापा टाकतात. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, कोंबडीला घाम येत नाही." मी म्हटलं, माझा घेऊन जा, हवा तेवढा आहे. धाप लागली की अंड्याचं कवचही पातळ होतं म्हणे. खरंच, उचलताना बोट आत जातं.

तू विचारलंस, कधी येता. येईन गं. पण दादा अंडी पोचवायला गेला की मागे शेड बघायला कोण?

गेल्या आठवड्यात भर दुपारी नवा गडी आत गेला, अंगात लाल सदरा. कोंबड्यांच्या या जातीला अनोळखी रंग चालत नाही. आधीच तलखी, त्यात बिथरल्या आणि सगळ्या एका कोपऱ्यात एकीवर एक चढल्या. खालच्या गुदमरून मेल्या. टोपल्या भरभरून बाहेर काढल्या. दादा ओरडला नाही. नुसता म्हणाला, "बाबा, आता आत तुम्हीच जायचं. तुमचा निळा सदरा त्यांना ओळखीचा आहे." ओरडला असता तर बरं झालं असतं. मग मलाही काही बोलता आलं असतं.

तेव्हापासून मी आणि हा सदरा. संध्याकाळी धुतो, सकाळी ओलाच चढवतो. जेवायला घरात गेलो तरी कान शेडकडे. वीज गेली की पंखे बंद, मग पळापळ. बाहेरून कडी लावल्यासारखं वाटतं. कडी नाहीच, हेही मला कळतं.

परवा आत जरा बसलो. बसलो म्हणजे, डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून हळूहळू खाली सरकलो. धपकन पडलो असतो तर त्या पुन्हा बिथरल्या असत्या, तेवढं भान होतं. शुद्ध आली तेव्हा एक कोंबडी पोटाला टेकून धापा टाकत होती. दोघांच्या धापा एकाच चालीत. ती उठेपर्यंत मी हललो नाही.

दादाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. त्याच्या डोक्याला कमी ताप नाही. तो वाईट नाही गं, त्याचाही नाइलाज आहे.

येतेस म्हणालीस, तर एक काम कर. असाच निळा सदरा आण. सोबत कापडाचा तुकडा ठेवलाय, रंग जुळवून घे. नवा नको, दोन-चार वेळा धुऊन आण. गड्याने माझाच घालून पाहिला होता, पाठीत टरकन फाटला. आम्ही गुपचूप शिवला. तो म्हणाला, "बाबा, तुमच्यात मी मावत नाही." रोज सकाळी गारव्याला त्याला माझ्यामागे आत नेईन. कोंबड्यांना सवय झाली की पुढचं तूच दादाशी बोल. तुझ्याकडे मला बोलवायला काहीतरी कारण काढ. मला जायचंय, हे माझ्या तोंडून निघणार नाही.

पंख्याचा आवाज बदललाय, उठतो.

सदरा गड्याच्या मापाचा आण. माझ्या मापाचा आणू नकोस.

तुझी वाट पाहणारा,
बाबा