एस्टोनियात मी गेलतो

६ जानेवारी, सोमवार
मुख्याध्यापिका थुल मॅडमनी नवीन उपक्रम काढला. प्रत्येक वर्गाने युरोपातल्या एका छोट्या देशाची ओळख करून घ्यायची. चिठ्ठ्या टाकल्या. आमच्या सहावीला एस्टोनिया. मॅडम माहितीची चार पानं देत होत्या. मी म्हटलं, पानं कशाला, माझा अभ्यास आहे. नाव आज पहिल्यांदाच ऐकलं, पण ते सांगायची गरज नव्हती. पानं त्यांनी बळेच हातात कोंबली.
संकल्प: रोज एक तास एस्टोनिया. उद्यापासून.

७ जानेवारी, मंगळवार
पहिल्या पानाची पहिली ओळ वाचली आणि घंटा झाली. वर्गात सांगितलं, अख्ख्या एस्टोनियाची लोकसंख्या आपल्या वर्धा जिल्ह्याएवढी. पोरं खूश. तिथेच थांबायला हवं होतं.
काजलने हात वर केला. ही पोरगी दर वाक्याला "काऊन?" विचारते. आज विचारलं, "सर, तिकडचे लोक भेटले की काय म्हणते?"
बावीस वर्षांच्या नोकरीत "माहीत नाही" हे शब्द मी वर्गात उच्चारलेले नाहीत. एकदा म्हटलं की पोरं हसतात, आणि पोरं हसली की संपला मास्तर. म्हणालो, "नऊका." समुद्रकाठचा देश आहे, नौकेवरून आलं असावं, असंही जोडून दिलं. घरी येताना लक्षात आलं, काजलचं काऊन उलटं केलं की नऊका होतं. असो.
मग चंदनने विचारलं, "सर, तुमी गेलते का तिकडं?" नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "हो" बाहेर पडलं. "आठ दिवस," असंही पडलं. आठच का, कोणी विचारलं नाही.

८ जानेवारी, बुधवार
फाटकापासून वर्गापर्यंत "नऊका सर, नऊका सर!" छाती भरून आली. पोरं माझ्यावर किती विश्वास ठेवतात!
थंडीमुळे तिकडची मुलं आठवड्यातून एकदाच आंघोळ करतात, हेही शिकवलं. हे तर्काने काढलं आहे. पानं उद्या वाचतो.

१० जानेवारी, शुक्रवार, दुपारी
चंदनची आई शाळेत आली. पोरगा दोन दिवस बादलीला शिवलेला नाही. सगळ्या स्टाफसमोर म्हणाली, "सर, तुमचं ते एस्टोनिया बंद करा आंधी. पोरगं वास मारून राह्यलं!"
उद्या वर्गाला खरं सांगून टाकायचं. ठरलं.

११ जानेवारी, शनिवार
सांगितलं नाही. शनिवारी अर्धी शाळा, पोरांचं लक्ष नसतं. एवढी गंभीर गोष्ट सोमवारीच बरी.

१३ जानेवारी, सोमवार
सांगणारच होतो. प्रार्थनेनंतर मॅडमनी जाहीर केलं की लीस नावाच्या एस्टोनियाच्या एक बाई वर्ध्याला हातमाग पाहायला आल्या आहेत. पुढच्या सोमवारी त्या देवळीला, आपल्या शाळेत येणार. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमाले तं लयच आनंद झाला असन सर. तुमच्या ओळखीच्या मुलखातलं माणूस येऊन राह्यलं!"
म्हणजे आठ दिवसांची बातमी स्टाफरूमपर्यंत पोचली. आनंद झाला, म्हणालो.

१५ जानेवारी, बुधवार
अखेर मोबाइलवर पाहिलं. तिकडे भेटल्यावर म्हणतात, "टेरे". आमच्याकडे कोणी "तेरे" म्हणून सुरुवात केली की पुढे बाप येतो, आणि मग मारामारी. हा शब्द अडतीस पोरांच्या तोंडी द्यायचा? इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं. त्यापेक्षा नऊका सभ्य आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार
आजारी पडायचं ठरवलं. थर्मामीटर चहात बुडवला. तो बिघडला. कोकिळाने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "काई ताप नाई तुमाले. भेव वाटून राह्यलं तं तसं सांगा ना."
भीती कसली? नवऱ्याला ओळखतच नाही ही बाई.

१९ जानेवारी, रविवार
वर्ध्याहून येणारी बस बंद पडावी. बाईंना काही होऊ नये, फक्त बसला व्हावं.
उद्या बाई यायच्या आधी नक्की सांगणार.

२० जानेवारी, सोमवार, संध्याकाळी
सांगितलं नाही. बस वेळेवर आली.
बाई वर्गात शिरल्या. मी डोळे मिटले. अडतीस पोरं एका आवाजात ओरडली, "टेरे!"
पाहुण्या बाईला शिवीच दिली, असं वाटलं. डोळे उघडले तर बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. पहिल्या बाकावरची वर्षाली त्यांना तिकडच्या काळ्या पावाबद्दल विचारत होती. चंदन आंघोळ करून आला होता.
तेवढ्यात मॅडमनी इंग्रजीत सांगितलं, आमचे सर तुमच्या देशात राहून आलेत. बाईंनी वळून विचारलं, कोणत्या गावी? मी फळा पुसायला घेतला. काजल उठून म्हणाली, "सर गोइंग नेक्स्ट इयर." बाई म्हणाल्या, जरूर या.
शाळा सुटल्यावर काजलला थांबवलं. तिच्यासोबत सगळा वर्गच थांबला. विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, "पयल्याच दिवशी सर. घरी मोबाइलवर पाह्यलं सगळ्यांनी." मग सांगितलं का नाही? खाली पाहून म्हणाली, "तुमी भिऊन राह्यले होते ना."
आणि जाता जाता, "पुढच्या देशाच्या वक्ती माहीत नसलं तं आमाले विचारजा सर. कोणी नाई हासत."
मी वर्गाकडे पाहिलं. खरंच कोणी हसलं नाही. हसली असती पोरं, तर बरं वाटलं असतं.