समुद्राकडे दिलेला हंडा

नाना, तुमचं स्टील गंजलं होतं. तुम्ही होतात तोवर हे वाक्य आपल्या घरात कुणाला मोठ्यानं म्हणता आलं नाही, म्हणून आता लिहितो आहे. माझं अक्षर तुम्हाला आवडायचं नाही, पण सातवीतून काढून दुकानात बसवलंत तुम्हीच, तेव्हा आहे तसं चालवून घ्या. दोन ओळी लिहितो, उठून नळ नीट बंद आहे का बघतो, गॅस बघतो, पुन्हा येऊन बसतो. तुम्हाला कधी कसली धास्ती वाटली नाही. आपल्याला सगळं येतं असं ज्याला वाटतं, त्याला कसली धास्ती.

धरणगावच्या बाजारातलं आपलं दुकान मूळचं पितळेचं. पितळ जाऊन स्टील आलं तेव्हा तुम्ही माल बदललात, डोकं तेच ठेवलंत. गिऱ्हाईक समोर आलं की हंड्यावर टिचकी मारायची आणि म्हणायचं, "ऐक, कसा वाजस. स्टीलले काहीच व्हत नही. तू मरी जाशी, हाऊ हंडा राही." बायका पदर तोंडाला लावून हसतात, तुम्ही फुगता, मी मागे उभा राहून डबे पुसतो. स्टील म्हणजे काय हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं, म्हणजे काहीच नाही. फरक इतकाच की मी गप्प होतो.

अक्काचं लग्न ठरलं. जावई शिरपूरचे, पण नोकरी कोकणात, बंदरावरच्या कचेरीत. घर असं की मागचं दार उघडलं की समुद्र. तुम्ही हंडा, घागर, कोठ्या, डबे, सगळा संसार स्टीलचा दिलात आणि हंड्याच्या गळ्याला मशीननं नाव कोरून घेतलंत. तिचं बारीक, तुमचं ठळक. जाताना तिला बजावलंत, हे वापरायचं नाही, मांडणीवर लावायचं, कोरड्या फडक्यानं धूळ झटकायची, जन्मभर नवं राहील. आपल्याकडे ते चालतं. नळाला एक दिवसाआड पाणी, चकचकीत भांड्यावर ते कोण वाया घालवणार? पण पोरगी समुद्रावर चालली आहे, तिथली हवा वेगळी असेल, कुणाला तरी विचारावं, एवढं तुमच्या मनात आलं नाही. विचारणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं.

पावसाळा सरला आणि अक्काचं पत्र आलं. मांडणीवरच्या भांड्यांना तांबूस ठिपके आले होते, पहिले हंड्यावर, तेही तुमच्या नावाच्या अक्षरांत. सासू म्हणते, माल नकली. तुम्ही ते पत्र गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना वाचून दाखवलंत आणि हसलात. "बठ्ठा आळस शे पोरीना." सगळा दोष पोरीच्या आळसाला. मग मला उत्तर सांगितलंत: चिंच-मीठ लाव, लोखंडी तारेच्या घासणीनं घास. घासण्यांचं पुडकंही पाठवलंत. पितळेचा इलाज स्टीलला! जिथे हवेतल्याच मिठानं घात केला, तिथे तुम्ही वरून आणखी मीठ चोळायला सांगितलंत. ती बिचारी तुमचं ऐकून घासत बसली. चरे पडले, घासणीचा लोखंडी चुरा त्यात बसला, आणि ठिपक्यांचे डाग झाले.

उन्हाळ्यात आपण दोघं गेलो. धुळ्याला गाडी बदलताना तुम्ही मला ऐकवत होतात की व्याहीणबाईला दोन शब्दांत गप्प करतो. आपण पोचलो तेव्हा अक्का स्वयंपाकघरात होती. तिनं ओटीवर येऊन पाण्याचा पेला तुमच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "नाना, हाऊ रोजना पेला दखा. रोज धोस, पुसस. एक ठिपका नही. जे मांडणीवर ठेवं, तेच गंजनं. माल खोटा नही नि मी आळशी नही, खारी हवा शे, एवढं सासूबाईसमोर सांगा. एकच डाव." एकदाच बोला, इतकंच मागितलं तिनं. त्या घरात तिला मान वर करून राहायला तेवढं पुरलं असतं.

मग सासूबाई हंडा घेऊन ओटीवर आल्या. जिभेच्या तिखट, पण हसून बोलणाऱ्या. "व्याही, तुम्हनं स्टील गूळनं शे का? हवा लागनी नि पघळनं."

तुम्ही हंडा फिरवून बघितलात. तुमचा चेहरा मला आजही दिसतो; लेकीचं काय होईल हा विचार त्यावर कुठेच नव्हता, दुकानाचं काय होईल एवढाच होता. आणि तुम्ही म्हणालात, "ह्या भांडा आमना दुकानना नहीत."

अक्का दारातच थांबली. "नाना, तुम्हनं नाव शे त्यावर."

"नाव कोणी बी कोरस."

"मंग आम्ही बदली टाकात का?" सासूबाई म्हणाल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या.

तुम्ही चप्पल घातलीत. घरी आल्यावर चारचौघांत सांगत सुटलात की लोकांनी भांडी बदलली. तिकडे हंडा अंगणात गेला, कोंबड्यांच्या पाण्याला. तुम्ही असेपर्यंत अक्का दिवाळीला आली नाही. तुम्ही म्हणायचात, सासरी रमली. नाना, इतकं खोटं बोलताना माणसाची जीभ निदान अडखळते तरी.

सासूबाई गेल्यावर अक्कानं तो हंडा घरात घेतला. मऊ फडकं, साबण, गोडं पाणी, आणि लगेच कोरडं पुसणं. रोज. तिनं मला सांगितलं, यात हुशारी काही नाही, फक्त मीठ बसू द्यायचं नाही. डाग बरेचसे गेले, अक्षरांतले तेवढे राहिले. तुमच्यानंतर वर्षभरानं जावयांची बदली शिरपूरला झाली तेव्हा ती हंडा घेऊन धरणगावला आली, आपल्या ओट्यावर ठेवला आणि तुम्हालाच म्हणाली, "तुम्हना नही म्हणत व्हतात ना? आते दखा रोज." तुमच्या फोटोकडे तिनं पाहिलं नाही.

तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. एकदा मी तो गोणपाटात बांधून धुळ्याला पॉलिशवाल्याकडे नेला, तुमचं नाव घासून काढायला. त्यानं बोटानं चाचपलं, म्हणाला, "निघेल, आबा, अर्ध्या तासाचं काम." मी तिथेच घाबरलो. नाव गेलं की हा हंडा आमचा नाही हे तुमचं बोलणं खरं होणार, आणि अक्का खोटी पडणार. पुढच्या गाडीनं तसाच परत आणला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. तुम्ही तेही कुणाला तरी वाचून दाखवलं असतं. इथे समुद्र नाही, हवेत मीठ नाही, हंड्याला इथे काही होत नाही हे मला कळतं. तरी जिवाला चैन पडत नाही म्हणून मी तो रोज धुतो आणि पुसतो. अक्षरांच्या खाचेत पाणी राहतं, नाना. म्हणून तुमच्या नावापाशी फडकं जरा जास्त वेळ फिरतं.