वरच्या वस्तीची तालीम

६ ऑगस्ट

आज पुन्हा तोच तमाशा! पुराची तालीम बघायला पाहुणे आले, भोंगा वाजला, वरची वस्ती पळत सुटली. शिट्टी फुंकत त्यांचा शिट्टीमास्तर पुढे, बाकीचे मागे, सगळे पूरनिवाऱ्यात. शेवटचा माणूस आत आला की दार ओढून घ्यायचं — तेही केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ऑफिसचे साहेब असे फुगले की शर्टाची बटणं तुटतात की काय!

वरची वस्ती टेकडीवर. तिथे आजवर पाणी चढलेलं नाही. आणि निवारा टेकडीच्या निम्म्यावर, रस्त्याला लागून. का, तर पाहुण्यांच्या गाड्या तिथवरच जातात. म्हणजे पूर आला की ही माणसं उंचावरून खाली पळणार! पूर येतो तो नदीकाठच्या खालच्या वस्तीत, जिथे माझी ताई राहते. त्यांची तालीम एकदाही नाही. का, तर त्यांची म्हातारीकोतारी चढाला थांबतात, वेळ लांबतो, पाहुण्यांचं जेवण थंड होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी — आणि वर बंबालाच हारतुरे.

९ ऑगस्ट

साहेबांना स्पष्ट म्हटलं, खालच्यांना घ्या. "घेऊ की. आधी वरच्यांचा वेळ पक्का बसू दे. त्यांचं बघून खालचे शिकतील." मग म्हणाले, "तुमची बहीण तिथे आहे ना, म्हणून तुम्हाला जास्त वाटतं."

हो, वाटतं. नको वाटू?

हेच साहेब सभेत सांगतात — पूर्वी नदी चार दिवसांच्या पावसाने फुगायची, आता एका दुपारीत फुगते. नकाशे दाखवतात, आवाज जड करतात. मग खाली बसून बिस्किटं खातात. या माणसाच्या हाताखाली काम करायची शिसारी आलीय.

१७ ऑगस्ट

सुट्टी होती. कुणाला न सांगता खाली गेले. ताईच्या ओट्यावर बायका जमवल्या. भोंगा वाजला की निघायचं, म्हटलं. ताई म्हणाली, "तो भोंगा वाजला की आम्ही म्हणतो, पाहुणे आले वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मग स्वतःचाच राग आला.

भाऊजींचा गुडघा कामातून गेलाय. त्यांना उचलायला चार माणसं नेमून ठेवा, म्हटलं. भाऊजी म्हणाले, "चार? इतक्यात?" ताईने त्यांच्यावर डोळे वटारले.

शेवटी ताईनेच ठरवलं. भोंग्याचं जाऊ दे, धुण्याचे दगड बुडाले की निघायचं. कुठे जायचं तेवढं मी सांगितलं. निवाऱ्यात, आणखी कुठे?

२३ ऑगस्ट

साहेबांनी शिट्टीमास्तरला नवी शिट्टी दिली. समारंभ करून! ओकारी यायची बाकी होती.

२ सप्टेंबर

डोंगरात ढग फुटले. भोंगा दुपारी वाजला, या वेळी खरोखरीचा. रस्ता पाण्याखाली, आम्ही सगळे इथे ऑफिसात अडकलेले. थोड्या वेळाने मास्तरने फोटो पाठवला. निवारा गच्च भरलेला. एकूण एक चेहरे वरच्या वस्तीतले. "आजवरचा सगळ्यात कमी वेळ!" साहेब फोटो घेऊन टेबलाटेबलावर हिंडले.

खालचे कुठे आहेत, मी विचारलं. साहेबांनी फोन लावला. मास्तर सांगत होता — जागा संपली, नियमाप्रमाणे दार लावलंय, बाहेरून कुणी ठोठावत होतं, आता आवाज नाही.

नियम! नियम आमचाच. माणसं मोजून दार लावा, असा.

ताईचा फोन लागत नाही. साहेब म्हणाले, "चहा घ्या, बरं वाटेल." तो कप त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला.

३ सप्टेंबर

लागत नाही.

४ सप्टेंबर

ताई बोलली! शिट्टीमास्तरच्याच घरातून!

दार उघडेना, तेव्हा ते टेकडी चढत राहिले. भाऊजींना आळीपाळीने पाठीवर घेतलं. वर बघतात तर सगळी घरं रिकामी, कड्या नुसत्या लोटलेल्या. कुलपं लावत बसू नका, पळा, असं आम्हीच शिकवलंय ना! खालचे सगळे त्या घरांत शिरले. सगळे जिवंत आहेत. एकूण एक. मी ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. रडू थांबेना. "मास्तरीणबाईंची गादी मऊ आहे. तुझे भाऊजी उठायला तयार नाहीत," ताई म्हणाली.

आणि वरचे? ते अजून निवाऱ्यातच! मोठे पाहुणे पाहणीला येणार आहेत, निवारा भरलेला दिसला पाहिजे. साहेबांनी फोनवरून हुकूम दिलाय, हलू नका. थू!

५ सप्टेंबर

वरच्यांचा धीर सुटला. घरी गेले तर खालचे निघायला तयार नाहीत. मास्तर फोनवर कावलेला. साहेबांनी मला बोलावलं. "तुमची बहीण पुढारी झालीय. समजवा तिला. पाणी ओसरलंय, ज्याने त्याने आपापल्या घरी जावं. पाहुण्यांसमोर शोभा नको."

ताईला फोन केला. म्हणाली, "नाही निघत. वरच्यांना निवाऱ्यात राहायची सवय आहे, त्यांची तालीम झालीय."

हसू आलं. पण खरं सांगायचं तर आवडलं नाही. अडीअडचणीला घरात शिरलात, ठीक. पण ठाण मांडून बसायचं म्हणजे बोट दिलं तर हात धरायचा. साहेबांचा वीट आलाय, आता ताईचाही राग आलाय. रस्ता उघडलाय. उद्या जीप घेऊन जाते आणि तिला खाली आणून सोडते. ती हट्टी असेल तर मीही तिचीच बहीण आहे.

६ सप्टेंबर

खालची वस्ती नाही. घरं पडलीत असं नाही, जमीनच नाही. ओटा होता तिथून नदी वाहतेय.

फोनवर का नाही सांगितलंस, विचारलं. "तू आधीच किती रडत होतीस."

जीप रिकामी परत पाठवली.