पाणपिसवांना आठ दिवस

३ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतचं पुडकं उघडताना नाक धर. आत माझी जाळी आहे आणि तिला तळ्याचा वास येतो. काल ती पाण्याखालच्या एका खुंटात अडकली. होडीवाले काका ओढू नका, ओढू नका म्हणून ओरडत होते, पण मी भाची कुणाची! ओढलीच. टर्रकन वीतभर फाटली. नवी मागवायची तर दोन महिने लागतात आणि माझ्या हातात आहेत तीन आठवडे. तेव्हा सगळी मदार तुझ्या सुईवर.

ही जाळी म्हणजे लांबट नरसाळं समज. कापड इतकं तलम की भोकं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. पाण्यातून ओढली की पाणी निघून जातं आणि जे अडकतं ते खालच्या बाटलीत जमतं. जे अडकतं तेच माझं संशोधन. त्यात सगळ्यात लाडक्या माझ्या पाणपिसवा. तिळाहून लहान, सदा उड्या मारणाऱ्या आणि शेवाळाच्या बाबतीत अशा खादाड की पाहुण्या म्हणून कुणी बोलावू नये.

तळं यंदा हिरवंगार झालंय. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून लोक बोंब मारतात आणि पाणीपुरवठ्याचे इंजिनियर तळ्यात मोरचूद टाकायला निघालेत. त्याने शेवाळ मरेल, पण पिसवाही मरतील आणि माझ्या दोन वर्षांच्या वह्यांची रद्दी होईल. माझं म्हणणं एवढंच, की तळ्याला हात लावू नका, पिसवा वाढताहेत, जूनपर्यंत त्याच सगळं फस्त करतील. बाटलीतलं चमचाभर पाणी काचेवर घेऊन मोजते तेव्हा महिन्यापूर्वी वीस भरायच्या, गेल्या आठवड्यात एकाहत्तर भरल्या. आमच्या सरांनी रदबदली केली म्हणून इंजिनियर २४ तारखेपर्यंत थांबायला कबूल झालेत, पण दर आठवड्याला आकडे हवेत म्हणाले. आणि आकडे हवेत तर जाळी हवी.

जेवते वेळेवर. बाबांना नमस्कार सांग. लोभ आहे तसाच ठेव, त्यात काटकसर नको.

तुझी,
बिट्टी

९ मे

चि. बिट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुडकं पोचलं. टपालवाल्याने ते हात लांब करून असं पुढे केलं की मला वाटलं, आत मेलेला उंदीर आहे. साबणाच्या पाण्यातून तीनदा काढली तेव्हा कुठे बाई माणसांत आली. एक अख्खी दुपार दुकानाचं दार लावून रफू केलं. धागा बाहेरचा वापरला नाही, तिच्याच काठातून एकेक तार ओढून घेतली. आता फाटलं होतं कुठे ते शोधून दाखव, शिवणयंत्र तुझ्या नावावर करते.

तुझ्या बाबाला तुझं पत्र वाचून दाखवलं. दादा म्हणाला, आमच्या लहानपणी अंगावरच्या पिसवा फुकट मोजायचो, आता त्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. मी म्हटलं, तुला मोजता तरी येत होतं का? तोंडाने काहीही बोलो, तुझं पत्र मात्र घडी करून खिशात घातलं त्याने. पोरगी होडीत उभी राहते का, असंही हळूच विचारलं. राहतेस का? पोहायला येत नाही आणि दिवसभर पाण्यावर, याला काय म्हणावं! बसून ओढ ती जाळी.

तीस वर्षांत या दुकानातून गेलेलं एकही काम परत आलेलं नाही. तुझ्या जाळीचंही माझ्या शिरस्त्याप्रमाणे सगळं साग्रसंगीत केलंय, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. तुझ्या त्या इंजिनियरने बघत राहावं अशी झालीय. पिसवांना माझे आशीर्वाद कळव आणि पोटभर खा म्हणावं.

सवड काढून लिहीत जा. पत्र आलं नाही की मी इथे उगाच टाके उसवत बसते.

तुझी,
आत्या

१८ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जाळी फार सुरेख झाली. पुडक्यातून काढली तर टेबलावर आपल्या पायांवर उभी राहिली! सर चकित झाले. रफू मला भिंगाखालीसुद्धा सापडलं नाही, तेव्हा यंत्र तुझं तुझ्याकडेच ठेव. तुझ्या कामात खोट नाही गं, खोट माझ्या नशिबात आहे.

पिसवा गेल्या, आत्या. बारा तारखेला जाळी ओढली, काचेवर मोजल्या, सहा भरल्या. सहा! वाटलं, जागा चुकली. चौदाला चार, काल तीन. जाळी मात्र अशी जड लागते की होडीच मागे ओढली जाते, म्हणून प्रत्येक वेळी वाटतं आज घबाड मिळणार आणि बाटलीत जवळजवळ काही नसतं. सर म्हणतात, माशांनी खाल्ल्या असतील, नाहीतर काही रोग पडला असेल. पिसवाच नाहीत तर शेवाळ खाणार कोण? इंजिनियरना आकडे कळवायचं मी कबूल केलं होतं, तेव्हा काल मीच कळवलं, की माझा अंदाज चुकला, तुम्ही थांबू नका. खोटं कसं लिहू? मोरचुदाची पोती काठावरच्या शेडमध्ये येऊन पडलीसुद्धा. २४ला सकाळी टाकणार.

दोन वर्षं गेली याचं दुःख आहेच, पण त्याहून वाईट याचं वाटतं, की मला त्या आवडायच्या. एवढासा जीव, पाठीतून आतली पिल्लं दिसतात, काळजाची धडधड दिसते. बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते हसले तर आत्ता मला सोसायचं नाही.

माझ्यावर राग धरू नकोस, माया कर.

तुझी,
बिट्टी

२१ मे

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद. आधी पूर्ण वाच, मग रड.

तुमच्या तळ्यावरच्या संशोधन केंद्राचा फोन गेले दोन महिने मुका आहे आणि टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तुझ्या बाबाच्या हाती देऊन त्याला पहिल्या गाडीत बसवतेय. सांगू नकोस म्हणालीस, पण त्याला सांगावंच लागलं, आणि तो हसला नाही.

जाळी आपल्या पायांवर उभी राहिली असं तू लिहिलंस, ते वाचून माझ्या हातातली कात्री खाली पडली. पोरी, तिला मी तांदळाच्या पेजेची खळ घातली होती. लेसचे पडदे असोत की मुलींचे झगे, जे जे तलम ते खळीतून काढायचं आणि वर कडक इस्त्री फिरवायची, हा माझा तीस वर्षांचा हात. चुरगळलेलं काम मी कुणाला दिलेलं नाही. एकदा खळ घालून ती मऊच राहिली म्हणून दुसऱ्यांदा दाट खळीतून काढली. अति तिथे माती म्हणतात ते हेच.

उगाच शंका नको म्हणून खात्री करून घेतली. पडद्याच्या उरलेल्या तुकड्याला तशीच दाट खळ घातली, इस्त्री केली, तांब्याच्या तोंडाला बांधला आणि वरून पाणी ओतलं. पाणी वाटीत राहावं तसं वरच राहिलं, खाली ठिपकासुद्धा नाही. तुझी जाळी पाणी गाळतच नव्हती गं, पुढे ढकलत होती. पिसवा आत शिरणार कशा? मला इतकं रडू आलं की आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं.

दादा म्हणाला, हे कळवलंस तर पोरीला साहेबांपुढे मान खाली घालावी लागेल. मी म्हटलं, घालू दे. मान पुन्हा वर करता येते, मेलेल्या पिसवा पुन्हा उठत नाहीत. चूक माझी आहे, खुशाल माझं नाव सांग. जाळी कोमट पाण्यात चार तास भिजव, तीनदा पाणी बदल, चोळू नकोस. पण त्याआधी, जाळीबिळी बाजूला ठेवून साधी बादली बुडव आणि बघ.

जमेल तर क्षमा कर. नाही जमली तरी पत्र लिही.

तुझी,
आत्या

१ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, नाहीतर तुझा जीव टांगणीला लागेल. मोरचुदाची पोती आज परत गेली. तळ्यात चिमूटभरही पडलं नाही.

बाबा २३ला आले ते धापा टाकत, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखून. मी पत्र वाचलं आणि होडीचीही वाट न बघता धक्क्यावरूनच बादली बुडवली. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं आणि म्हणाले, बिट्टे, हे काहीतरी उड्या मारतंय. मी तिथेच फतकल मारून बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडले, ते बाबांनी पाहिलं नाही असं दाखवलं. बादलीतलं पाणी गाळून मोजल्या, काचेवर एकशे चार भरल्या! सरांना सांगितलं तेव्हा ते खूप चिडले, तुझ्यावर नाही, माझ्यावर. दोन वर्षं तळ्यावर काढून एक बादली बुडवायचं सुचलं नाही, म्हणाले. खरंच होतं. दुरुस्त होऊन आलेली जाळी आधी तपासायची असते, हे मी वहीत लाल शाईने लिहिलंय. अहवालातही त्या तिन्ही दिवसांचे आकडे बाद केले आणि कारण लिहिलं, की जाळीला खळ होती आणि मी तपासली नाही. तुझं नाव घातलं नाही. तुझी चूक तू कबूल केलीस, माझी मला करू दे.

मग इंजिनियरांकडे गेले. बाबा साक्षीदार म्हणून सोबत, बादली मांडीवर. बाबाच पुढे झाले आणि म्हणाले, साहेब, माझी बहीण रुमालालासुद्धा खळ घालते, मी तीस वर्षं नाक सोलून घेतोय. इंजिनियर खो खो हसले. म्हणाले, कामाला उशीर होण्याची कारणं मी पुष्कळ ऐकली, हे नवं आहे. आणि आठ दिवस दिले. पोती मात्र शेडमध्येच राहतील म्हणाले.

ते आठ दिवस बाबा इथेच राहिले. सकाळी मी खळ धुऊन काढलेली जाळी ओढायची, दुपारी दोघांनी मोजायच्या. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा नेहमी दोन-चारने जास्त. विचारलं तर म्हणतात, तुझ्या नजरेतून सुटतात. परवा तर एका पिसवेला पिल्लं होताना पाहिलं आणि तासभर मला भिंग दिलं नाही. आता घरी आले की तुला सांगून सांगून भंडावतील, तयारीत राहा.

आज सकाळी इंजिनियर स्वतः होडीत बसले. पाणी किती नितळ आहे ते बघायला आम्ही एक पांढरी थाळी दोरीने खाली सोडतो, दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या. हातभर अंतरावर एक, अशा बारा गाठी. आठ दिवसांपूर्वी थाळी दुसऱ्या गाठीलाच गडप झाली होती. आज दोरी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. चार गाठी गेल्या, सहा गेल्या. काकांनी वल्ही वर उचलून धरली. दहा गेल्या, बारा गेल्या आणि थाळी खाली अजून लख्ख पांढरी दिसत होती. इंजिनियर वाकून बघत राहिले आणि वर न बघताच हात मागे करून म्हणाले, आणखी दोरी द्या. आणखी दोरी होडीत नव्हतीच, आत्या. दोन वर्षांत कधी लागलीच नव्हती.

तुझ्या मायेला अंत नसावा, एवढंच मागणं.

तुझी,
बिट्टी