जरा हात लावा

८ जानेवारी, बुरोंडी
निघाले एकदाची! बुरोंडीहून किनाऱ्याकिनाऱ्याने, पायी, थेट पावसपर्यंत. तिथे माझ्या लेकीचे, नम्रताचे, दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी तारीख महिनाअखेरची दिलीय, म्हणजे मी चांगली आठवडाभर आधी पोचते. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईने पाठीवर सॅक टाकून कोकण तुडवायचं, हे ऐकून जावई श्याम फोनवर हसला आणि नम्रता चिडली. वेड लागलंय गो तुला, म्हणे. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तर पोरीच्या ‘गं’चं ‘गो’ झालंय. सॅकमध्ये तंबू, एक पातेलं, डिंकाचे लाडू आणि जुन्या साड्यांची मी शिवलेली दुपटी. घाटावरच्या माणसाला समुद्राचं कौतुक फार. सकाळपासून खुळ्यासारखी हसतेय.

९ जानेवारी, कोळथऱ्याच्या पुढे
आज दिवसभर सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं माळरान; झाड नाही, सावली नाही. उजवा गुडघा सकाळीच कुरकुरायला लागला. मधोमध एक दगडी चौथरा दिसला. पूर्वी डोक्यावर ओझं नेणारी माणसं त्यावर भारा टेकवून दम खात असणार. मीही सॅक टेकवली आणि लाडू खाल्ला. निघताना पट्ट्यांत हात घातले, पण ती काही दगडावरून सुटेना. लहानपणी वैरणीचा भारा उचलताना म्हणायचे तसं सवयीने म्हटलं, जरा हात लावा हो.
सॅक अलगद वर आली. मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही. वाऱ्याने रेटली असेल. उगाच थँक्यू म्हटलं आणि चालू लागले.

१० जानेवारी, धोपावे
सॅकचं आज ओझंच वाटत नाही. खांद्यावर पट्ट्यांचे वळसुद्धा नाहीत. दाभोळला फेरीबोटीत चढताना अजिंक्य नावाचा एक तरणा गडी मदतीला धावला आणि सॅक उचलताना त्याचं तोंड वाकडं झालं. बाई, दगड भरलेत काय, म्हणाला. माझ्या पाठीवर ती कापसासारखी.
मुक्काम इथल्याच एका म्हाताऱ्या तुळसाबाईंकडे. गंमत म्हणून त्यांना चौथऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. “कोणी लावलान हात?” एवढंच आधी विचारलं. मग म्हणाल्या, तिथे मदत मागायची नसते. मागितली की तो मागे लागतो आणि ओझं उचलतच राहतो. पाठीवरचं झालं की माणसाकडे दुसरं जे असेल ते. उद्याच्या उद्या परत जा, सॅक तिथेच टेकव आणि आपल्या हाताने उचल, म्हणजे सुटेल.
परत जायचं म्हणजे पुन्हा खाडी, पुन्हा तो रखरखीत सडा. आणि खरं सांगायचं तर गुडघाही दुखेनासा झालाय. फुकटचा हमाल कोण सोडेल?

१२ जानेवारी, वेळणेश्वर
टाचेला फोड येऊन फुटला. मोजा ओला झाला तेव्हा कळलं. दुखत नाही. भूकही नाही. समुद्र आहे.

१४ जानेवारी, जयगड
संक्रांत. एका घरी बोलावून तिळगूळ दिला. काहीच लागला नाही.
दुपारी श्यामचा फोन. नम्रताचं रत्नागिरीला सिझेरियन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. बिचारा रडत होता. एसटीने लगेच या म्हणाला. मी हो म्हटलं. एसटी समोरच उभी होती. ती सुटली, मी चालत राहिले.
आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस नम्रताची काळजी होती, ती तरी हवी होती. शोधली. दोन्ही जागेवर नाहीत.

१६ जानेवारी, मिरकरवाडा
बंदरावर मासळीचा लिलाव. खूप माणसं. तुळसाबाईंनी सांगितलेलं इथेच करून पाहिलं. सॅक बर्फाच्या पेटीवर टेकवली. आपल्या हाताने उचलणार होते — पट्ट्यांना हात लागायच्या आत ती पाठीवर होती.
दवाखाना इथून जवळ. माझी लेक तिथे आहे. पाय तिकडे न वळता पुढे गेले. ते मी उचलत नाही —

१९ जानेवारी, पावस
पोचले. त्यांना काल घरी आणलं. नम्रता गळ्यात पडून रडली. माझा हात तिच्या पाठीवरून फिरला. मी नाही फिरवला.
बाळ पाहिलं. नाक माझ्या आईचं. काही वाटलं नाही. लिहून ठेवते, निदान —
पडवीत बसलेय. श्याम औषधं आणायला गेलाय. आत बाळ रडतंय. नम्रता हाक मारतेय. टाके ओढतात, वाकवत नाही, पाळण्यातून हिला काढ. आई, जरा हात लाव गो.
नको. तसं म्हणू नको. ओरडायला हवं. घाबरायला हवं. तेही जमत —
माझे दोन्ही हात वहीवर आहेत. मी पडवीतच आहे.
रडणं थांबलं.
नम्रता म्हणतेय, किती अलगद उचललंस गो. म्हणतेय, पण आई, ही एवढी हलकी कशी ला —