बॅटरीच्या पोटातली ओल

२२ एप्रिल २०२४, सोमवार

चौदा नंबरची बॅटरी आज तिसऱ्यांदा परत आली. चार्जरवर हिरवा दिवा, चारही रेघा भरलेल्या — आणि शकूरभाईनं छताला वीस-पंचवीस स्क्रू मारले की ड्रिल गप! शकूरभाई फॉल्स सीलिंगचं काम करतो, सिल्लोडचा, साइटवरच राहतो. सगळ्या लेबरसमोर म्हणाला, "मॅडम, ये तो नाम की बॅटरी है." मीही सुनावलं की ड्रिल जरा हलक्या हातानं चालवा. पण वहीत खोटं कशाला लिहू, चूक त्याची नाही. अशा सहा परत आल्या आज.

स्टोअर म्हणजे पत्र्याचा कंटेनर. आठ ते सहा मी आत, पुढं लोखंडी जाळी. जाळीच्या खिडकीतून हात येतात, बॅटरी घेतात, रिकामी टाकतात. बेचाळीस बॅटऱ्या, प्रत्येकीवर मी पांढऱ्या पेंटनं नंबर टाकलाय. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. आयटीआय केलं ते ह्या पिंजऱ्यात भाजून निघायला का, असं आज पहिल्यांदा वाटलं.

२४ एप्रिल

चार्जर बदलून पाहिला. तेच. ड्रिल बदलून पाहिलं. तेच. बॅटरीची टोकं खोडरबरानं घासली, स्पिरिटनं पुसली — त्यातल्या दोन जरा बऱ्या चालल्या. म्हणजे टोकांवर काहीतरी बसतंय. धूळ असेल. चिकलठाण्यात सध्या धुळीशिवाय आहे काय! जिकडं बघावं तिकडं टॉवर उठतायत.

२६ एप्रिल

घरी, मुकुंदवाडीत, नळाला आज नवव्या दिवशी पाणी. दोन हंडे भरले आणि गेलं.

२९ एप्रिल

हिमांशू सर आले स्टोअरला. साइट इंजिनिअर, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील, बोलतात मात्र हेडमास्तरासारखं. अकरा खराब बॅटऱ्या मी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी एक उचलली, हातात तोलली. म्हणाले, चांगले सेल काढून आत जुने टाकायचा धंदा शहरात जोरात आहे. मग विचारलं, स्टोअरची किल्ली कुणाकुणाकडं असते.

मी सांगितलं — एक माझ्याकडं, एक रात्रीच्या वॉचमनकडं.

"वॉचमन तुमचे कोण लागतात, शीलाताई?"

सासरे, म्हटलं. ते हसले नुसते. सतरा तारखेपर्यंत कारण शोधून लेखी द्या म्हणाले. नाहीतर अठरापासून यायची गरज नाही.

अंगाची नुसती आग झाली. चोर? मी? आणि मामा?

३० एप्रिल

हे काम गेलं तर काय, ते लिहूनच ठेवते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

गाव. दोन दिवसांआड टँकर, विहिरीत पाइप सोडला की सगळ्या बाया घागरी घेऊन काठावर. अजिनाथ (नवऱ्याचं नाव इथं वहीतच घेते मी) मेंढरं घेऊन चाऱ्यामागं जळगावच्या बाजूला गेलाय, पावसाशिवाय येत नाही. आत्या, म्हणजे सासूबाई, दर फोनला विचारतात, शिकलीस तेवढं पुरे झालं, कधी येतीस? मागं मला शहरात पाठवायचा विषय निघाला तेव्हा घरातले सगळे नाही म्हणाले. मामा एकटे उभे राहिले. पोरीच्या हातात इद्या हाय, तिला नेतो, मी संगं राहतो, म्हणाले. साठी ओलांडलेला माणूस, जन्मभर मेंढरांमागं उघड्यावर राहिलेला, तो माझ्यासाठी गेटवर रात्रपाळी करतोय.

मुकुंदवाडीत आमची एकच खोली, एकच खाट. मी निघते तेव्हा ते झोपतात, ते निघतात तेव्हा मी. त्यांची सोबत आहे म्हणून माझं इथं राहणं आहे. दोघंही एकाच किल्लीत अडकलोय.

३ मे

सापडतंय! काल संध्याकाळी आठ बॅटऱ्या पूर्ण भरून मीटरनं मोजल्या. चार वरच्या फळीवर ठेवल्या, चार खालच्या रॅकवर. आज सकाळी पुन्हा मोजल्या. वरच्या जशाच्या तशा. खालच्या चारही उतरलेल्या — कुणी हात न लावता, बसल्या जागी. शिवाय दोन मी घरी नेल्या होत्या डब्यातून, त्याही टुणटुणीत.

म्हणजे दोष जागेत आहे. खालच्या रॅकलाच काय भूत लागलंय?

६ मे

चौदा नंबर उघडली. चार स्क्रू. आत पाच सेल एकाला एक जोडलेले. चार चांगले, पाचवा पार मेलेला. पाच मेंढ्यांत एक लंगडी असली की सगळ्यांना तिच्याच चालीनं चालावं लागतं, तसं. बाकीचे भरतात म्हणून चार्जर फुल दाखवतो, आणि हा एक रिकामा झाला की ड्रिल बंद पडतं.

पण मेला कशानं? सेल जोडणाऱ्या पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखी. बोट लावलं तर ओलसर!

मी बघतच बसले. ह्या शहरात नऊ दिवसांनी नळ, धरणं तळाला, माणसाला प्यायला नाही — आणि बॅटरीच्या पोटात ओल?

८ मे

कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

मोबाइल स्टोअरमध्येच विसरला म्हणून संध्याकाळी साडेसातला परत गेले. कंटेनरचं दार उघडं. आत मामा. खालच्या रॅकवर बॅटऱ्यांची ओळ, तिच्यावर गोणपाट पांघरलेलं, आणि मामा गुडघ्यावर बसून त्यांच्या कॅनमधलं पाणी ओंजळीओंजळीनं त्यावर सोडतायत. सावकाश. कोपरा सुटू नये म्हणून वाकून.

"मामा, काय करताय हे?"

"गार करतो. तूच म्हनली व्हतीस नव्हं, उन्हानं बॅटऱ्या मरत्यात म्हणून."

म्हणाले होते मी. शिमग्याच्या सुमारास, जेवताना, सहज. तेव्हापासून रोज! पत्रा तापलेला असतो म्हणून अंधार पडता-पडता भिजवायचं, पहाटे काढून वाळत टाकायचं. मी आठला येते तोवर या उन्हात सगळं खडखडीत. वरच्या फळीला हात पुरत नाही म्हणून ती राहायची. रानात दुधाची चरवी ते असंच ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचे, म्हणाले, संध्याकाळपतुर नासत नव्हतं.

विचारलं, रात्रीला साइटवरून हा एवढाच कॅन मिळतो, मग तुम्ही पिता काय? तर म्हणे, मला लागत नाय.

ओठ फुटलेत त्यांचे. महिनाभर समोर दिसत होते, मला वाटलं ऊन. मला त्यांचा लई राग आला आणि तिथंच रडूही आलं.

९ मे

समजावून सांगितलं. विजेच्या वस्तूला पाणी चालत नाही, मामा. त्यांनी एवढंच विचारलं, किती मेल्या? एकोणीस, म्हटलं. खाटेच्या कडेला बसून राहिले. भाकरी तशीच ठेवली.

१४ मे

रिपोर्ट दिला. 'कंटेनरमधील उष्णता व ओल यामुळे सेल खराब.' चोरी नाही हे आकड्यांनिशी दाखवलं. सरांनी नीट वाचला, कौतुकही केलं. मग बोट ठेवलं शेवटच्या रकान्यावर. 'जबाबदार व्यक्ती.' मी कोरा सोडला होता.

मी म्हटलं, उन्हाळाच असा आहे, सर. ते म्हणाले, ऊन सगळ्या साइटवर आहे, ओल फक्त तुमच्याकडं आहे.

"इथं नाव लागतं. तुमचं, नाहीतर ज्याचं असेल त्याचं."

१५ मे

माझं नाव लिहिलं तर गाव. मामांचं लिहिलं तर मामा गावाला, आणि त्यांच्याशिवाय मला इथं कोण ठेवतंय? इकडून तिकडून तेच. मधे मामांकडं बघवत नाही.

खरं तर दोन नावं लिहायला हवीत. उन्हानं मरतात एवढंच सांगून गप्प बसणारी कोण? पण रकाना एकच आहे — आणि मला काम सोडायचं नाही. हे लिहिताना लाज वाटतेय, तरी लिहिते. मला त्या विहिरीच्या काठावर परत उभं राहायचं नाही.

१६ मे

लिहिलं. 'केरबा, रात्रपाळी वॉचमन. विनापरवानगी बॅटऱ्यांवर पाणी टाकले. नुकसान मान्य.' खाली त्यांचा अंगठा घ्या, म्हणाले सर.

संध्याकाळी मामा ड्युटीवर आले तेव्हा गेटवरच कागद पुढं केला. म्हणाले, वाच की. मी वाचलं — 'वयामुळं रात्रपाळी झेपत नाही, म्हणून मी काम सोडत आहे.' सरळ वाचत गेले, कुठं अडखळले नाही. कागदात दोष आपल्या नावावर नाही, असं समजून तरी सुखानं जातील, असं स्वतःला सांगितलं मी. त्यांनी कागद हातात घेतला, जरा वेळ धरला, बरं हाय म्हणाले. अंगठा दिला. शाई धोतराला पुसली.

माझा सासरा अंगठाबहाद्दर, हे आज माझ्या कामाला आलं.

१८ मे

मामा काल गेले. मी ड्युटीवर होते, सकाळच्या एसटीनं निघाले ते.

अजिनाथचा फोन आला. मला वाटलं, आता म्हणणार आवर आणि ये. तर म्हणाला (मामांना तो दादा म्हणतो), "दादा म्हनत्यात, झेपत नव्हतं म्हणून मीच सोडलं. शीलाला तिथंच राहू द्या, कुणी काय बोलायचं नाय." आत्यांनाही त्यांनी गप्प केलंय म्हणे.

स्टोअर आता तळमजल्याच्या पक्क्या खोलीत हलवणार. नव्या एकोणीस बॅटऱ्या येणार. सर म्हणाले, गुड वर्क. खाट आता रात्रभर माझीच आहे. सुटले असं वाटायला पाहिजे होतं.

२० मे

नवा वॉचमन येईपर्यंत गेटची वही मी भरायची, असं ठरलं. गाडी, नाव, आत, बाहेर, कारण. मागची पानं चाळली. रात्रीच्या नोंदी एकाच हातच्या, मोठ्या वाकड्या अक्षरात. मला वाटायचं ड्रायव्हर लिहितात. शकूरभाईला विचारलं. म्हणाला, चाचा खुद लिखते थे, मैंने सिखाया. मराठी शाळेतला आहे तो. नीट जमेपर्यंत सूनबाईला सांगू नको, असं मामांनी त्याला बजावलं होतं.

शुक्रवार, सतरा तारीख. शेवटची ओळ.

केरबा. बाहेर — ६.१०. कारण — कागदात लिवलंय तेच.